चार हिरवी आणि एक रिकामं घर

माझी वर्डलची ६१ दिवसांची सलग मालिका 'माइट' या शब्दाने मोडली. रोज पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द, ओळखायला सहा प्रयत्न, एवढाच तो खेळ. पहिला शब्द मी 'अड्यू' टाकला. ए-डी-आय-ई-यू. चार स्वर एका दमात तपासून होतात म्हणून तो माझा लाडका. आय पिवळा झाला, म्हणजे अक्षर आहे पण घर चुकलं. दुसरा 'बर्थ', जन्मवाला, बी-आय-आर-टी-एच. आय दुसऱ्या घरात हिरवा, म्हणजे अक्षर आणि घर दोन्ही बरोबर; टी आणि एच पिवळे. तिसऱ्याला 'साइट', दृष्टी या अर्थाची, एस-आय-जी-एच-टी. एस सोडून चारही घरं हिरवीगार झाली आणि मी खुर्चीत मागे रेलले. एकच अक्षर तर राहिलंय! मग लाइट टाकला, नाइट टाकला, फाइट टाकला आणि खेळ आटोपला.

भाचीला फोन केला तर ती शांतपणे म्हणाली, "मावशी, अगं चार हिरवी झाली की घाबरायचं असतं."

पोरगी शाळेत आहे, पण बोलली ते बरोबर. त्या चौकटीत किती शब्द बसतात हे मला ठाऊकच नव्हतं. मी मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या वेलांट्या पहिल्या की दुसऱ्या हे बघण्यात माझी वर्षं गेली, आणि इथे आठ सख्ख्या भावंडांतली निम्मी मला आठवली नाहीत. त्याच संध्याकाळी एक वही घातली. एका पानावर एक चौकट: अक्षरांचा एक ठरलेला गट, त्याची ठरलेली जागा आणि शब्दाची ठरलेली लांबी. आता ती वही बऱ्यापैकी भरली आहे, म्हणून ती कशी भरायची ते सांगते. वर्डल, स्क्रॅबल, शब्दकोडी यांना ती उपयोगी पडतेच. नुसतं स्पेलिंग पक्कं करायचं असेल तरीही पडते.

आधी घरं आखायची. पाच अक्षरी शब्द म्हणजे पाच चौकोन. शेवटच्या चारांत आय, जी, एच, टी लिहायचं, पहिलं कोरं ठेवायचं. जागा आणि लांबी दोन्ही ठरवल्याशिवाय पुढे जायचं नाही. "जी-एच असलेले शब्द" अशी मोघम यादी करायला बसलात तर शब्द सुचत राहतात, पण यादी कुठे संपते ते कळत नाही. पान संपलं हे कळणं हाच या वहीचा सगळा फायदा आहे.

मग त्या कोऱ्या घरातून ए ते झेड अशी अक्षरं एकेक करून चालवायची. आठवेल ते लिहायचं नाही, ओळीने चालायचं. आणि इथे आपल्या माणसाची एक खोड आड येते. देवनागरीत कानाला येतं ते हात लिहितो, त्यामुळे आपण अक्षर चालवायच्या ऐवजी आवाज चालवतो. मी पहिल्यांदा तेच केलं. 'आइट, बाइट, साइट, डाइट' असं गुणगुणत गेले आणि ई-आय-जी-एच-टी, म्हणजे आठ आकडा, साफ सुटला. त्याचा उच्चार 'एट'. कान त्याला या कुटुंबात घेतच नाही, डोळा घेतो. म्हणून अक्षरांची नावं घेत चालायचं: ए-आय-जी-एच-टी, नाही. बी-आय-जी-एच-टी... इथे थांबा. चावणारा बाइट बी-आय-टी-ई, कंप्युटरचा बाइट बी-वाय-टी-ई, ते दोन्ही नव्हेत. पण जी-एचवाला बाइटही आहे: किनारा आत वळून झालेला मोठा बाक. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्याला ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइट म्हणतात तो हाच. सी नाही, दाखला देण्याची साइट सी-आय-टी-ई. ई, एट. एफ, फाइट. एच? उंचीची हाइट सहा अक्षरी, इथे मावत नाही. के नाही, पतंग के-आय-टी-ई. एल, लाइट. एम, माइट. एन, नाइट. आर, राइट. एस, साइट. टी, टाइट. डब्ल्यू? पांढरा व्हाइट तर नाहीच, पण इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे, त्यातला वाइट या चौकटीत चपखल बसतो. त्याच स्पेलिंगचा एक जुना शब्दही आहे, अर्थ माणूस, जीव.

सगळं मिळून पाच मिनिटं लागतात. हातात रोजचे आठ शब्द येतात आणि बाइट-वाइटसारखे दोनचार जुनाट. या जुनाटांना पानाच्या उजव्या बाजूला वेगळी जागा द्यायची. हे वाटून ठेवणं मी वर्डलवरूनच शिकले. जॉश वॉर्डलने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये तो खेळ सगळ्यांसाठी खुला केला, तेव्हा उत्तरांसाठी पाच अक्षरी सगळेच शब्द ठेवले नव्हते. बाराएक हजार शब्दांमधून ओळखीचे असे अडीचएक हजार त्याच्या जोडीदारीणबाईंनी निवडले होते. २०२२ च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने खेळ विकत घेतला. मुद्दा असा की टाकायला चालणारे शब्द वेगळे आणि उत्तर म्हणून येतील असे वेगळे. वर्डलमध्ये डावी बाजू वापरायची. स्क्रॅबलमध्ये मात्र उजवीकडचे जुनाटच डाव फिरवतात, म्हणून ते खोडायचे नाहीत.

आता त्या ६१ दिवसांचं. माझ्याकडे तीन प्रयत्न होते. अड्यूने ई गेला होता, बर्थने आर, साइटने एस. उरले फाइट, लाइट, माइट, नाइट, टाइट. पाच शब्द, तीन प्रयत्न. एकेक टाकत बसणं म्हणजे नशिबाची परीक्षा. त्याऐवजी चौथ्या प्रयत्नाला उत्तर होऊच शकत नाही असा शब्द टाकायचा, ज्यात उरलेली पहिली अक्षरं जास्तीत जास्त असतील. 'फिल्म्स', एफ-आय-एल-एम-एस. एफ हिरवा झाला तर फाइट, एल पिवळा झाला तर लाइट, एम पिवळा तर माइट. तिन्ही करडे राहिले, म्हणजे शब्दात नसले, तर फक्त नाइट आणि टाइट उरतात, आणि हातात दोन प्रयत्न असतात. हरायला जागाच नाही. एक प्रयत्न मुद्दाम वाया घालवायला मन धजत नाही, मलाही अजून जड जातं. पण वाया गेलेले ते माझे तीन, हा एक नव्हे.

आठच्या आठ शिल्लक असतील तर 'टर्म्स' टाका. टी-ई-आर-एम-एस ही पाचही या कुटुंबाची पहिली अक्षरं आहेत. टी तसा प्रत्येक शब्दाच्या शेवटी आहेच, पण पहिल्या घरात तो हिरवा झाला तरच टाइट. पिवळा झाला तर नाही. पाचांपैकी काहीच लागलं नाही तर फाइट, लाइट, नाइट राहतात, आणि त्यांना 'फायनल' पुरतो: एफ, एन, एल तिन्ही त्यात आहेत. म्हणजे जी-एच-टीची शेपटी तिसऱ्या प्रयत्नाला दिसली तरी सहाव्यापर्यंत सुटका नक्की. फक्त खेळाची कठीण तऱ्हा चालू असेल तर हे करता येत नाही, तिथे सापडलेली अक्षरं पुढच्या शब्दात घ्यावीच लागतात. मी ती तऱ्हा बंद केली. भाची म्हणते ही पळवाट आहे. असू दे.

पाचाचं पान झालं की सहाचं आपसूक होतं, आणि मला या वहीत सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ती आहे. पुढे दोन कोरी घरं आली की लोक घाबरतात, दोन अक्षरांच्या जोड्या किती होतील म्हणून. तसं काही करायचं नाही. पाचाच्या पानावरचा एकेक शब्द घ्यायचा आणि त्याच्या पुढे एक अक्षर लावून बघायचं. लाइटच्या पुढे ए लावा, अलाइट, उतरणे. बी, ब्लाइट, पिकावरचा रोग. एफ, फ्लाइट. पी, प्लाइट, दुर्दशा. एस, स्लाइट, किंचित. राइटच्या पुढे ए, बी, एफ, डब्ल्यू: अराइट, ब्राइट, फ्राइट आणि कारागीर या अर्थाचा राइट, ज्यात डब्ल्यू मुका. नाइटच्या पुढे मुका के, की झाला सरदार. एटच्या पुढे एच किंवा डब्ल्यू: हाइट, वेट. झाले बारा. वापरातल्या इंग्रजीतला असा एकही सहा अक्षरी शब्द मला सापडलेला नाही, ज्याचं पहिलं अक्षर झाकल्यावर खाली पाचाच्या पानावरचा शब्द निघत नाही. स्क्रॅबलमध्ये याचं सोनं होतं. समोरच्याने पटावर एट मांडला असेल तर त्याच्या डोक्यावर नुसता डब्ल्यू ठेवायचा आणि तिथून स्वतःचा शब्द उभा उतरवायचा.

शेवटी एस लावून अनेकवचनं करत बसू नका. लाइट्स, नाइट्स, फाइट्स लिहून पान फुगतं, डोक्यात काही जात नाही. स्क्रॅबलच्या १०० सोंगट्यांत ई तब्बल १२ आहेत आणि एस चारच, कारण एस सढळ हाताने दिला तर अनेकवचनं करूनच लोक खेळ उरकतील. आल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाने वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरं मोजून ही वाटणी बसवली होती. वर्तमानपत्र हातात घेऊन अक्षरं मोजणारा माणूस मला धंदेबंधूच वाटतो.

भाचीने मध्येच विचारलं होतं, "बोलायचे नाहीत तर जी आणि एच लिहायचे कशाला?" मी तेव्हा "इंग्रजीचं असंच असतं" म्हणून वेळ मारून नेली, पण ते मनाला लागलं. शोधलं तर उत्तर आपल्याच दारात निघालं. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत रात्रीला 'निख्त'च्या जवळ जाणारा शब्द होता, आणि तो ख्-सारखा घासलेला आवाज खरोखर बोलला जायचा. पुढच्या लेखनिकांनी त्या आवाजासाठी जी-एच ही जोडी वापरायला घेतली. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना घातला, स्पेलिंगं हळूहळू शिशात गोठली, आणि आवाज नंतर गळून गेला. जर्मन लोकांनी तो ठेवलाय: नाख्ट, लिख्ट, रेख्ट, माख्ट, आख्ट. आमच्या पानावरच्या आठही शब्दांचे जर्मन भाऊबंद असे ख्-वाले आहेत. आणि संस्कृतात? नाइटचा भाऊ नक्त, दिवसभर उपास करून रात्री जेवायचं त्या व्रताच्या नावातला. एटचा भाऊ अष्ट. राइटचा भाऊ ऋजु, म्हणजे सरळ. नक्तमधला क् डोळ्यांसमोर आणला की नाइटमधला जी-एच विसरायला होत नाही. मुका झालेला क् आहे तो. भाचीला हे सांगितल्यापासून तिचं नाइट चुकलेलं नाही.

या घराण्यात एक घुसखोरही आहे, सात अक्षरी 'डिलाइट', आनंद. तो आला फ्रेंचमधून, जी-एचशिवाय. सोळाव्या शतकात लाइटकडे बघून लोकांनी त्यालाही जी-एच चिकटवला. कुणी मुद्रितशोधक नसावा हाताशी.

पान भरलं की ते मोठ्याने वाचायचं, हा पुढचा टप्पा, आणि तो टाळू नये. स्पेलिंग सारखं म्हणून उच्चार सारखा असं इंग्रजीत गृहीत धरलं की फजिती ठरलेली. पाच अक्षरी, शेवट ओ-यू-जी-एच, हे पान काढा. कॉफ, रफ, टफ, डो, बाउ. खोकला, खडबडीत, चिवट, मळलेलं पीठ, झाडाची फांदी. शब्द पाच, आवाज चार. असं पान मी आवाजाप्रमाणे रंगीत पेन्सिलीने खुणावते.

ओ-डब्ल्यू-ई-आर या शेवटाने मला बराच काळ छळलं. पॉवर, टॉवर, भीतीने अंग चोरणारा कॉवर एकीकडे. लोअर, गवत कापणारा मोअर, वल्हवणारा रोअर, पेरणारा सोअर दुसरीकडे. ओळखायचं कसं? शेवटचा ई-आर बोटाने झाका. खाली लो, मो, रो, सो उरले आणि अर्थही जुळला, खालचा तो लोअर, पेरतो तो सोअर, तर आवाज 'ओ'. पण अर्थ जुळतो का हे बघाच. टॉवरचा ई-आर झाकला तर खाली 'टो' उरतो, ओढून नेणे. मनोरा काही ओढून नेत नाही. कॉवर झाकला तर खाली गाय निघते. तिचाही भीतीशी संबंध नाही, निदान या शब्दात तरी.

ए-टी-सी-एचच्या पानावर फार वेळ जात नाही: बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच, आणि डब्ल्यूमुळे स्वर बदललेला वॉच. एक लक्षात ठेवलं की झालं. च्-च्या आधी आखूड स्वर एकटा असेल तर सहसा टी लागतो, बीच किंवा कोचसारखा लांब स्वर असेल तर लागत नाही. रिच, मच, सच आणि 'कोणता' या अर्थाचा विच हे नियम न पाळणारे चौघे. ते पाठच करा.

क्यू-यूने सुरू होणारे पाच अक्षरी शब्द भरपूर आहेत, तिथे चौकट फार सैल पडते, तीन घरं कोरी. असल्या पानाला तिसरं अक्षरही ठरवून द्यावं: क्यू-यू-ए, मग क्यू-यू-ई, मग क्यू-यू-आय. त्यात क्वाएट आणि क्वाइट, शांत आणि बऱ्यापैकी, ही जोडी समोरासमोर लिहा. तीच पाच अक्षरं, शेवटच्या दोघांची अदलाबदल. संगणकाचा स्पेलिंग तपासनीस यांच्यातली चूक सहज सोडून देतो, कारण त्याच्या लेखी दोन्ही शब्द बरोबरच.

संगणकाचं निघालंच तर, हो, हे सगळं यंत्र एका सेकंदात करतं. शब्दांची यादी एक्सेलमध्ये एका रकान्यात असेल तर शेजारी लेन हे सूत्र घालून प्रत्येक शब्दाची लांबी काढा, फिल्टरने पाच तेवढे ठेवा, मग अमुक अक्षरांनी शेवट होणारे गाळून घ्या. शब्द शोधून देणाऱ्या साधनांत बहुधा कोऱ्या घरासाठी प्रश्नचिन्ह द्यायचं असतं: एक प्रश्नचिन्ह एक अक्षर, चांदणी दिली तर कितीही. मी यंत्र वापरते, पण अक्षरं चालवून झाल्यावर, राहिलेलं तपासायला. आधी वापरलं की यादी मिळते आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं एक अक्षर आठवत नाही. एकदा पूर्ण छापील यादी काढून वहीत चिकटवली होती. ते एकमेव पान आहे जे मला अजून येत नाही.

परवा भाचीचा फोन आला. तिने स्वतः एक पान केलं होतं, ओ-यू-एन-डी शेवट, पाच अक्षरी. बाउंड, फाउंड, हाउंड, माउंड, पाउंड, राउंड, साउंड आणि डब्ल्यूवाला. तो शेवटचा तिने बरोबर दोनदा लिहिला होता: गुंडाळलं तर वाउंड, जखम झाली तर वूंड. इथेही आठ.

"आता ही फोडायला शब्द शोध," मी म्हटलं.

"शोधला की. स्वाँप. दलदल."

एस-डब्ल्यू-ए-एम-पी. मी पानावर बोट फिरवलं. साउंड, वूंड, माउंड, पाउंड, चार एका घावात. राहिले बी, एफ, एच, आर.

"मग पुढचा मी सांगते," मी म्हटलं. बी, आर आणि एच तिन्ही ज्यात आहेत असा, आणि तिन्ही करडे राहिले तर उरतो तो फाउंड. "बर्थ. जन्मवाला."

"मावशी, त्या दिवशी तू हाच टाकला होतास ना?"

"हाच."